किडे, वास आणि प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांतली विज्ञान मंडळं आणि पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये होणाऱ्या डासविरोधी बैठका, अशा ठिकाणी बोलायला गेलं की नंतर महिनाभर मेसेज येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. जिथे उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किड्यांना नाक असतं का? नसेल तर वास येतो कुठून?

नाक नाही, मिशा आहेत. रात्री ओट्यावरचं झुरळ थोडा वेळ बघवलं तर बघा: पुढच्या पायाने एक मिशी वाकवून तोंडात धरतं आणि बुडापासून टोकापर्यंत चाटत नेतं. मिशीवर त्याच्याच अंगातून पाझरणारं मेण साचत जातं. प्रयोगात झुरळांना मिशा साफ करू दिल्या नाहीत, तेव्हा मेणाचा थर चढला आणि त्यांना वास कमी येऊ लागला.

या मिशांवर भिंगाखालीच दिसतील असे बारीक केस असतात. वास घेणारे केस आतून पोकळ असतात आणि त्यांच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. आत पाणीदार द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवात चेतापेशींची टोकं बुडालेली असतात. वासाचा रेणू छिद्रातून आत शिरतो आणि द्रव ओलांडून चेतापेशीपर्यंत जातो. प्रथिनांचं सगळं काम या एवढ्याशा जागेत चालतं. डासांना याशिवाय सोंडेलगतच्या दोन आखूड दांड्यांवरही वास कळतो (प्रश्न ६).

२. "वास ओळखणारी प्रथिनं" म्हणजे नेमकी कोणती? एकच असतं की अनेक?

दोन गट वेगळे ठेवा, म्हणजे अर्धा गोंधळ मिटेल.

पहिला गट गंधबंधक प्रथिनांचा. ही लहान प्रथिनं केसातल्या द्रवात मोकळी तरंगतात. वासाचे बरेच रेणू तेलकट असतात आणि पाण्यात नीट मिसळत नाहीत. ही प्रथिनं त्यांना आपल्या पोटातल्या खोबणीत धरतात. रेशमाच्या पतंगात तर असं दिसलं आहे की चेतापेशीच्या पडद्याजवळ आम्लता वाढली की प्रथिनाचा आकार बदलतो आणि धरलेला रेणू सुटतो.

दुसरा गट ग्राही प्रथिनांचा. ही चेतापेशीच्या पडद्यातच बसलेली असतात. योग्य रेणू आला की उघडतात, विद्युतभारित कण (आयन) आत जातात आणि मेंदूकडे संदेश निघतो. यांची तीन घराणी आहेत: खास गंधग्राही, आम्लं आणि अमाइनं ओळखणारं एक जुनं घराणं (ते २००९ साली लक्षात आलं), आणि मुळात चव ओळखणाऱ्या घराण्यातले काही सदस्य. कार्बन डायऑक्साइड ओळखण्याचं काम या शेवटच्यांकडे असतं.

किती असतात हे जगण्यावर ठरतं. माणसाच्या अंगावरच जन्म काढणाऱ्या उवेत गंधग्राहींची जनुकं जेमतेम १०, केळ्यांवरच्या चिलटात ६० च्या आसपास, मधमाशीत सुमारे १७०, तर बऱ्याच मुंग्यांत ३०० हून अधिक. उवेला पत्ता शोधत हिंडावं लागत नाही. मुंगीला मात्र दिवसभर आपलं कोण आणि परकं कोण ते हुंगत बसावं लागतं.

३. बारावीचा प्रोजेक्ट आहे. माणसाच्या नाकातली आणि किड्यांची ग्राही प्रथिनं एकच म्हणून लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. माणसाच्या (खरं तर सस्तन प्राण्यांच्या) गंधग्राहींचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली लावला आणि त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. चिलटातले ग्राही १९९९ मध्ये सापडले. दोन्ही प्रथिनं पडदा सात वेळा ओलांडतात, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना ती भावंडं वाटली. पुढे कळलं की किड्यांचं प्रथिन पडद्यात उलटं बसलेलं असतं आणि ते स्वतःच आयनांची वाट असतं. आपल्या नाकात ग्राही आधी पेशीच्या आत निरोप देतो आणि मग दुसरी वाट उघडते.

किड्यांच्या गंधग्राहीत चार तुकडे असतात. त्यातला ऑर्को नावाचा जोडीदार जवळपास सगळ्या किड्यांत सारखाच असतो आणि वासागणिक फक्त दुसरा जोडीदार बदलतो. २०२४ साली रचना प्रत्यक्ष पाहिली तेव्हा चारांत तीन ऑर्को आणि एक वास ओळखणारा, असं प्रमाण निघालं. ऑर्को काढला की काय होतं, ते प्रश्न १० आणि १४ मध्ये आहे.

४. म्हणजे एक वास, एक प्रथिन आणि एक ठरलेली वागणूक, असं गणित असतं का?

कधी असतं, बहुधा नसतं. या पानावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

ठरलेल्या गणिताचं उदाहरण रेशमाच्या पतंगाचं. नराच्या मिशीतला एक ग्राही मादीच्या बॉम्बिकॉल या एकाच गंधासाठी असतो. जपानी संशोधकांनी त्या चेतापेशींत कोबीवर पडणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा ग्राही बसवला. तो रेशमाचा नर त्या परक्या जातीच्या मादीसमोर पंख फडफडवून प्रियाराधन करू लागला. मेंदू तोच, पंख तेच, बदललं होतं फक्त एक प्रथिन.

आता उलट उदाहरण. चिलटाच्या नराच्या अंगावरचा एक गंध नर आणि मादी दोघंही एकाच ग्राहीने ओळखतात. तो वास आला की नराचं प्रियाराधन थंडावतं आणि मादी मात्र जास्त राजी होते. इथे प्रथिन एकच आहे, मेंदूतली जोडणी वेगळी आहे.

तिसरं उदाहरण तर मुंबईकरांच्या ओळखीचं. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन. चिलटात त्याच्यासाठी एकच ग्राही राखून ठेवलेला आहे आणि तो चाळवला की चिलट तिथे खात नाही, अंडीही घालत नाही, कारण जिओस्मिन म्हणजे फळावर घातक बुरशी-जिवाणू असण्याची खूण. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या मादीला मात्र तोच वास अंडी घालायला बोलावतो. २०२० मध्ये छापून आलेल्या कामात मायामीतल्या सापळ्यांसाठी बीटच्या सालींचा अर्क वापरला होता. बीटला मातकट वास येतो तोही जिओस्मिनचाच.

तेव्हा प्रथिन ठरवतं ते एवढंच, की हा वास किड्याच्या जगात आहे की नाही. त्यावर पळायचं की धावून जायचं, हे मागची जोडणी ठरवते, आणि पोट भरलंय की नाही यावरही ते अवलंबून असतं (प्रश्न १७).

५. हे सगळं परदेशातच झालं का? आपल्याकडे कोणी काम केलं आहे?

केलं आहे, आणि तेही कुलाब्याला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी ठराविक वास न कळणारी चिलटं शोधून त्यामागची जनुकं हुडकायला घेतली. ग्राही प्रथिनं हाती लागायला तेव्हा वीसेक वर्षं अवकाश होता. मुंबईतल्या शाळांत हे शिकवत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

बाहेरचा इतिहास थोडक्यात: बॉम्बिकॉल १९५९ साली आडोल्फ बुटेनांड्ट यांनी सुमारे पाच लाख मादी पतंगांपासून वेगळं केलं. पहिलं गंधबंधक प्रथिन १९८१ मध्ये एका अमेरिकी पतंगात सापडलं. हा पतंग विदर्भातल्या टसर रेशमाच्या पतंगाच्याच कुळातला.

६. घरात चौघं बसलेले असतात आणि डास मलाच चावतात. माझं रक्त गोड आहे का? रक्तगटामुळे होतं का?

रक्ताची चव डासाला सोंड टोचल्यावर कळते, तुमची निवड त्याआधीच झालेली असते. ही निवड मादीच करते, नर चावत नाही.

लांबून तिला आधी लागतो श्वासातला कार्बन डायऑक्साइड. तो ओळखणारी प्रथिनं सोंडेलगतच्या दांड्यांवर असतात. तो लागला की ती बाकीच्या खुणांबाबत सावध होते: घामातलं लॅक्टिक आम्ल, त्वचेचे इतर गंध, अंगाची ऊब. लॅक्टिक आम्लासाठी प्रश्न २ मधल्या आम्लवाल्या घराण्यातलं प्रथिन लागतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लोकांनी हातावर घातलेलं नायलॉनचं कापड डासांपुढे ठेवलं. काही जणांच्या कापडाकडे डास सतत झेपावत, आणि पुढेही त्याच माणसांकडे झेपावत राहिले. त्यांच्या त्वचेवर कार्बॉक्सिलिक आम्लं जास्त होती. रक्तगटाबद्दलचे जुने प्रयोग लहान आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरतं तेवढं ते पक्कं नाही.

माणसाची ही आवडही प्रथिनातून आली आहे. आफ्रिकेत एडिसचे जंगलात राहणारे आणि घरात राहणारे असे दोन प्रकार आहेत. माणसाच्या वासात भरपूर असलेला सल्काटोन नावाचा रेणू ओळखणारा ग्राही घरातल्या प्रकारात जास्त प्रमाणात असतो आणि जास्त संवेदनशीलही असतो.

७. अंगाला डीटवालं मलम लावलं की डासांना आपला वास येईनासा होतो, की त्या वासाने ते पळतात?

सरळ उत्तर नाही, कारण डासाची जात बदलली की उत्तर बदलतं. तुंबलेल्या नाल्यावरच्या क्युलेक्स डासात डीट ओळखणारा ग्राही सापडला आहे, म्हणजे तिला डीटचा वास येतो. मलेरियावाहक ॲनोफेलिसच्या एका आफ्रिकी जातीत डीटने चेतापेशी चाळवल्याच नाहीत, उलट माणसाच्या वासाला मिळणारा प्रतिसाद घटला. एडिसमधून ऑर्को काढून टाकला तेव्हा डीट लावलेल्या हाताकडे ती बेधडक आली, पण टेकताच उडाली. म्हणजे पायांना होणारा स्पर्श हा आणखी एक मार्ग आहे. म्हणूनच मलम सगळीकडे सारखं चोळायचं. मनगटावर ठिपका लावून घोटा वाचत नाही.

८. कापूर, लवंग लावलेलं लिंबू, कडुनिंबाचा धूर, कॉइल: यातलं खरं काय चालतं?

लवंगेतल्या युजेनॉलला किड्यांचे ग्राही खरंच प्रतिसाद देतात. २०२१ मध्ये एका आदिम किड्याच्या ग्राहीची रचना पाहिली तेव्हा युजेनॉल आणि डीट एकाच खोबणीत बसलेले दिसले. पण लिंबात खोचलेल्या चार लवंगांतून खोलीभर पुरेल एवढं युजेनॉल उडत नाही. कापराचंही तेच: वडीजवळ परिणाम, दोन हातांवर शून्य. धुराने डास हटतात, पण तो धूर घरातल्या माणसांच्या छातीतही जातो.

कॉइल आणि लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइडं असतात. ती मुख्यतः डासाच्या चेतासंस्थेतल्या सोडियमच्या वाटांवर घाव घालतात. ज्या फुलांवरून ही रसायनं घडली त्या पायरेथ्रमच्या अर्काला मात्र वासाचा ग्राहीही लागतो, असं एडिसमध्ये दिसलं आहे.

माझं मत विचाराल तर जाळी, मलम आणि पाणी साचू न देणं. बाकी सगळं समाधानापुरतं.

९. नाल्याजवळच्या बिल्डिंगमध्ये एक डास आणि टाकीजवळ दुसरा, असं का?

अंडी घालायची जागा मादी बरीचशी वासावर ठरवते. क्युलेक्सला सडक्या पाण्यातून येणारे इंडोल आणि स्कॅटोल ओळखणारे ग्राही असतात, म्हणून तुंबलेला नाला तिला आवडतो. शिवाय एका मादीने अंड्यांचा तराफा घातला की त्याच्या टोकांवरून सुटणारा गंध इतर माद्यांना तिथेच बोलावतो. हा गंध धरणारं गंधबंधक प्रथिन कमी केलं तेव्हा मिशीचा प्रतिसादही मंदावला. शहरी मलेरियाचा ॲनोफेलिस स्टीफन्साय आणि डेंग्यूचा एडिस यांना तुलनेने स्वच्छ पाणी लागतं: गच्चीवरची टाकी, कुंडीखालची ताटली, एसीचं साठलेलं पाणी. फक्त नाल्यावर फवारणी करून डेंग्यू थांबत नाही, हे सेक्रेटरी मंडळींना दरवर्षी सांगावं लागतं.

१०. मुंग्यांची रांग पुसली की गोंधळ होतो. मुंगीला वासच आला नाही तर काय होईल?

याचं उत्तर २०१७ मध्ये दोन गटांनी ऑर्कोविना मुंग्या तयार करून दिलं. त्यातली एक जात भारतातली उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नाथोस. या मुंग्या जगल्या, पण वारूळ सोडून एकट्याच भटकू लागल्या. बरोबरच्यांना ओळखणं, रांगेत राहणं, सगळं सुटलं. दुसऱ्या जातीत मेंदूतली वासाची केंद्रंच सुमारे ५०० वरून ९० वर आली. चिलटात ऑर्को काढला तर मेंदूची घडण एवढी ढासळत नाही. मुंगीच्या समाजाचा पाया किती वासावर उभा आहे, ते यावरून कळतं.

(मुंग्यांच्या खडूबद्दल विचारणाऱ्यांसाठी: तो वासाने अडवत नाही, त्यात कीटकनाशक असतं. लहान मुलांपासून लांब ठेवा.)

११. एका प्रथिनावर वारुळात राणी एक की अनेक हे ठरतं, असं वाचलं. खरं आहे का?

अर्धं खरं. दक्षिण अमेरिकेतून पसरलेल्या लाल आगमुंगीत एका गंधबंधक प्रथिनाच्या जनुकाचा एक प्रकार असला तर कामकरी एकच राणी ठेवतात. दुसरा प्रकार मिसळला की अनेक राण्या चालतात, आणि तो प्रकार नसलेल्या राण्यांना कामकरी मारून टाकतात. बातमी म्हणून हे झकास आहे. पण २०१३ मध्ये कळलं की ते जनुक शेकडो जनुकांच्या एका गठ्ठ्यात अडकलेलं आहे आणि हा गठ्ठा पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच उतरतो. त्यामुळे सगळं श्रेय एका प्रथिनाला देता येत नाही.

१२. बाल्कनीत आंब्याचं कलम आहे. फळमाशीचा सापळा लावला, माश्या मरतात, तरी फळात अळी. का?

कारण सापळ्यात मरतात ते नर, आणि फळाला डंख करते मादी. कोकणात वापरतात त्या रक्षक सापळ्यातलं आमिष म्हणजे मिथाइल युजेनॉल. नर त्यावर वेड्यासारखा झेपावतो, कारण तो ते खाऊन अंगात बदलून मादीला भुरळ घालणारा गंध बनवतो. मादीला त्याचं तेवढं वेड नसतं.

बागायतीत हा उपाय चालतो, कारण परिसरातले जवळपास सगळे नर संपले की मीलनच होत नाही. १९६० च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावरून ही माशी असंच करून पुसली होती. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे शेजारच्या प्लॉटवरच्या पेरूवर नर शिल्लक असतील तर तुमच्या एका सापळ्याने काही होत नाही. फळं कागदी पिशवीत बांधा, गळलेली फळं उचला.

ही फळमाशी आणि केळ्यांवरचं चिलट हे वेगळे किडे आहेत. इंग्रजीत दोघांना एकच नाव चालतं, म्हणून प्रोजेक्टमध्ये घोळ होतो.

१३. आग्यामोहोळाजवळ केळं खाऊ नये म्हणतात, ते खरं का?

यात तथ्य आहे. मधमाशी डंख मारताना धोक्याचा जो गंध सोडते, त्यातला मुख्य रेणू आयसोपेंटाइल ॲसिटेट, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. एका केळ्याने पोळं उठेलच असं नाही. उंच इमारतींच्या सज्ज्याखाली लटकलेल्या पोळ्याजवळ अचानक केळ्यासारखा वास आला, तर मात्र एखादी माशी आधीच डिवचली गेली असेल असं समजून निमूट मागे फिरा.

१४. मग ही प्रथिनं बंद पाडली की डासांचा प्रश्न सुटेल ना?

एवढं सोपं असतं तर कधीच झालं असतं. ऑर्को काढलेल्या एडिसला माणूस आणि जनावर यांतला फरक कळेनासा झाला, पण कार्बन डायऑक्साइड सोडला की ती तरीही माणसाकडे आलीच, कारण ते काम दुसऱ्या घराण्याकडे आहे (प्रश्न २). शिवाय २०२२ मध्ये दिसलं की एडिसच्या एकाच चेतापेशीत अनेक घराण्यांचे ग्राही एकत्र असतात. एक गेला तर दुसरा सांभाळून घेतो.

गंधबंधक प्रथिनांचं तर आणखी विचित्र. चिलटाच्या एका प्रकारच्या केसात असं एकच प्रथिन भरपूर असतं. ते काढून टाकल्यावर वास येणं कमी झालं नाही. म्हणजे ओझं वाहणं एवढंच त्यांचं काम नसावं. पाठ्यपुस्तकातल्या वाहकाच्या चित्राकडे थोडं सावधपणे बघा.

१५. २०२० मध्ये विदर्भात टोळ आले होते. टोळांना एकत्र आणणारा वास सापडला म्हणतात, मग फवारणी कशाला?

त्याच वर्षी ४-व्हिनाइलॲनिसोल हा गंध आणि त्याचा ग्राही सापडला, पण तो स्थलांतरी टोळात. विदर्भात आला तो वाळवंटी टोळ, जात निराळी. एका जातीचं निष्कर्षपत्र दुसरीला लावू नका.

१६. प्रथिन बदललं म्हणून किड्याचं खाणंच बदललं, असं निसर्गात झालं आहे का?

झालं आहे. सेशेल्स बेटांवरचं एक चिलट फक्त नोनीच्या फळावर वाढतं. त्या फळातली आम्लं त्याच्या भाऊबंदांना घातक आहेत आणि ते त्या वासाने लांब पळतात. या चिलटात शेजारी-शेजारी असलेली दोन गंधबंधक प्रथिनांची जनुकं बदलली आहेत, आणि नोनीवर अंडी घालण्याच्या आवडीत त्यांचा वाटा आहे. बाटलीतला नोनीचा रस ज्यांनी वास घेऊन परत ठेवला असेल, त्यांना भाऊबंदांची बाजू पटेल.

१७. घरी करता येईल असा प्रयोग सांगा. व्हिनेगर ठेवलं तर चिलटं येतच नाहीत.

बहुधा जास्त ओतलं असेल. सौम्य व्हिनेगरने चिलटाचे मोजकेच ग्राही चाळवतात आणि ते ओढलं जातं. वास तीव्र झाला की आणखी एक ग्राही जागा होतो, तो "लांब राहा" सांगतो आणि ओढ मोडते. भुकेलेल्या चिलटात व्हिनेगर ओळखणाऱ्या चेतापेशी जास्त तीक्ष्ण होतात, म्हणून पोट भरलेल्या चिलटांवर प्रयोग फसतो.

दोन वाट्या घ्या. एकीत चमचाभर सफरचंदाचं व्हिनेगर आणि चार चमचे पाणी, दुसरीत निव्वळ व्हिनेगर. पांढरं नको, त्याला आंबलेल्या फळाचा वास नसतो. दोन्हींत भांड्याच्या साबणाचा एकेक थेंब टाका, नाहीतर चिलटं पृष्ठभागावर बसून उडून जातील. वाट्या हातभर अंतरावर ठेवा, सकाळी मोजा, आणि दुसऱ्या दिवशी जागा अदलाबदल करून पुन्हा मोजा, नाहीतर परीक्षक खिडकीच्या उजेडाचा मुद्दा काढतील. तेवढे दिवस ओट्यावरची केळी फ्रीजमध्ये ठेवा. ती बाहेर असतील तर दोन्ही वाट्या रिकाम्याच राहतील.